टोकियो, ओसाका, फुकुओका की साप्पोरो: जपानमध्ये राहायचा खर्च कुठे किती?

जपानमध्ये शहर निवडताना नुसत्या भाड्यावर गेलात तर हिशेब हमखास चुकतो. एकट्यापुरती 25 चौरस मीटरची खोली 2024 च्या सुमारास टोकियोच्या 23 वॉर्डांत, म्हणजे मुख्य शहरात, महिना साधारण 80 हजार ते 1 लाख येनला मिळायची. ओसाकात 60-75 हजार, फुकुओकात 50-65 हजार, साप्पोरोत 40-55 हजार. स्टेशन पायी किती मिनिटांवर आणि इमारत किती जुनी, यावर आकडा बराच हलतो.

खरा दणका घर घेतानाच बसतो. अनामत एक महिन्याची. मालकाला द्यायचं आणि कधीच परत न मिळणारं 'रेइकिन' आणखी एक महिन्याचं. एजंटचं कमिशन एका महिन्यापर्यंत, त्यावर 10 टक्के कर. भाड्याची हमी घेणाऱ्या कंपनीची फी अर्धा ते एक महिना. वर पहिलं भाडं, आगीचा विमा, कुलूपबदल. 90 हजारांच्या खोलीची किल्ली हातात पडेपर्यंत साडेचार-पाच लाख येन गेलेले असतात. टोकियोत दर दोन वर्षांनी करार वाढवतानाही बहुधा एक भाडं जातं. ओसाकात ही पद्धत फारशी नाही. हे सगळं टाळायचं तर 'यूआर' या गृहसंस्थेची निमसरकारी घरं बघा. तिथे रेइकिन, कमिशन, हमीदार, करार वाढवायची फी काहीच नाही. मात्र अनामत दोन महिन्यांची आणि पगार भाड्याच्या साधारण चौपट लागतो.

साप्पोरोच्या स्वस्ताईला भुलू नका. तिथे वर्षातले पाचेक महिने हीटर चालतो, केरोसीनवर नाहीतर गॅसवर. गॅस पाइपचा आहे की सिलिंडरचा (प्रोपेन), हे सही करण्याआधी विचारा. प्रोपेनचं बिल जड जातं. कडाक्याच्या थंडीत घर बंद ठेवून जाताना नळांतलं पाणी काढून टाकावं लागतं. विसरलात आणि पाइप फुटला, तर दुरुस्ती भाडेकरूच्याच गळ्यात पडू शकते. विजेतही फरक आहे: जून 2023 मध्ये टोकियो आणि होक्काइदोच्या (साप्पोरो ज्या बेटावर आहे, त्या) वीज कंपन्यांनी नियंत्रित दर वाढवले, ओसाका-फुकुओकाकडच्या कंपन्यांनी नाही.

फुकुओका राहायला सोपं. विमानतळ शहराच्या मुख्य हाकाता स्टेशनपासून मेट्रोने पाचच मिनिटांवर. पण भाड्यासारखे पगारही कमी: ऑक्टोबर 2024 मध्ये तासाचं किमान वेतन टोकियोत 1163 येन, ओसाकात 1114, होक्काइदोत 1010, तर फुकुओकात 992 होतं. पगार टोकियोचा आणि काम घरून असेल, तर मात्र फुकुओकाला तोड नाही.

शाळकरी मुलं असतील आणि भारतीय अभ्यासक्रम हवा असेल, तर टोकियोच. पूर्वेकडच्या निशी-कासाई भागात भारतीय शाळा आणि किराणा दुकानं आहेत. तिथून जाणाऱ्या तोझाई मेट्रो लाइनची सकाळची गर्दी मुंबईकराला नवी वाटायची नाही. प्रवासाचा पास बहुतेक कंपन्या देतात (महिना दीड लाख येनपर्यंत करमुक्त), म्हणून टोकियोत चार स्टेशनं लांब राहिल्याने खिशाला फारसा फटका बसत नाही.

रहिवासी कर चारही शहरांत सारखाच, आधीच्या वर्षाच्या करपात्र उत्पन्नाच्या सुमारे 10 टक्के. नवख्याला तो बहुधा दुसऱ्या वर्षीच्या जूनपासून कापायला लागतो, तेव्हा पहिल्या वर्षीच्या हातातल्या पगारावर महागडं घर घेऊ नका. पुढे शहर बदललंत, तर जुनं वॉशिंग मशीन किंवा मायक्रोवेव्ह सोबत नेण्याआधी त्यावरची पट्टी वाचा: टोकियो-साप्पोरोत वीज 50 हर्ट्झची, ओसाका-फुकुओकात 60 ची.