जोतं की खांब? उताराच्या जागेवर घर बांधणाऱ्यांसाठी

कोकणात उताराची जागा घेतलीत की प्रश्न येतोच: डोंगर कापून जोतं बांधायचं की घर खांबांवर उचलायचं? मी दोन्हींत राहिलोय. दापोलीकडचं आमचं जुनं घर जोत्यावरचं. त्याच जागेत जरा वरच्या अंगाला, सात वर्षांपूर्वी बांधलेलं खांबांवरचं.

खर्चात खांब महाग म्हणतात. जेसीबी, भराव आणि मागची जांभ्याची भिंत धरली, तर आमच्या हिशेबात फरक फारसा उरला नाही. तुमचा उरेलही.

जोत्याचं सुख खरं आहे. दारातून पाय थेट अंगणात. नव्या घराच्या नऊ पायऱ्यांवरून आई अजून कुरकुरते, आणि तिच्या गुडघ्यांशी कोण वाद घालणार?

पण ती मागची भिंत! डोंगर कापला तिथून पाणी वाट काढतंच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. भिंतीत निचऱ्याला सोडलेले पाइप दुसऱ्याच पावसाळ्यात मातीने बुजले. मग जुलैतल्या रात्री टॉर्च आणि खोरं घेऊन मागचा चर उपसायचा. असे अकरा पावसाळे काढले. भिंतीलगतच्या कपाटात वडिलांची शाल हिरवी पडली होती. गणपतीला पाहुणे आले की त्या खोलीचं दार आम्ही ओढून घ्यायचो.

आता तेच पाणी घराखालून निघून जातं, मी झोपलेला असतो. आंब्याची मुळं चुकवून खड्डे घेतले, म्हणून झाडही वाचलं.

खांबांवर घर उचललं की खालची ‘जमीन निसर्गाला परत’ जाते असं म्हणतात, ते मात्र जरा बेतानेच घ्या. १९६० साली ब्राझीलची राजधानी झालेल्या ब्राझिलियात सहा-सहा मजली इमारती खांबांवर उचलल्या, पण खालची मोकळी जागा माणसांच्या येण्याजाण्यासाठी. आमच्याकडे वरच्या बाजूला जमिनीपासून अडीच फूट. तिथे ऊन नाही, पाऊस नाही, नुसती धूळ आणि तिच्यात किड्यांनी केलेले नरसाळ्यासारखे खड्डे. खालच्या बाजूला सात फूट, तिथे कडेकडेने नेचे आलेत. मुंगूस मात्र रोज आरपार जातं.

एक गोष्ट टाळू नका. २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत तळमजला पार्किंगला मोकळा सोडलेल्या कितीतरी इमारती खाली बसल्या. खांब एकमेकांना कसे बांधायचे, ते जाणकार इंजिनीअरकडूनच काढून घ्या.

जुनं घर पाडलेलं नाही. तिथे लाकूडफाटा असतो, आणि आई वाळवणं अजून तिथल्याच अंगणात घालते.