फेअरट्रेड शिक्क्याची कॉफी: शेतकऱ्याला आधार, तोडणी मजुराला अपुरा

शेतकऱ्याला रास्त भाव दिल्याची खूण असलेल्या फेअरट्रेड शिक्क्याचे मूळ मेक्सिकोतल्या ओआहाका राज्याच्या डोंगरात आहे. तिथल्या उसिरी या सहकारी संस्थेच्या कॉफी शेतकऱ्यांसोबत राहणारे डच धर्मगुरू फ्रान्स व्हॅन डर हॉफ आणि नेदरलँड्समधल्या एका विकाससंस्थेचे निको रोझेन यांनी १९८८ मध्ये नेदरलँड्सच्या बाजारात पहिला शिक्का आणला. शेतकऱ्यांना दान नको होते, रास्त भाव हवा होता. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (५:४) अडवून ठेवलेल्या मजुरीबद्दल जे बजावले आहे, त्याला इथे व्यवहाराचे रूप मिळाले.

धुतलेल्या (पाण्याने गर काढलेल्या) अरेबिका जातीच्या कॉफीला ऑगस्ट २०२३ पासून पौंडामागे किमान १.८० डॉलर भाव आहे. बाजारभाव त्याहून चढला, तर बाजारभावच द्यावा लागतो. शिवाय २० सेंट संस्थेच्या सामूहिक निधीत जातात. सेंद्रिय मालाला आणखी ४० सेंट. मला सर्वांत मोलाची वाटते ती खरेदीदाराने द्यायची आगाऊ रक्कम: संस्थेने मागितल्यास करारमूल्याच्या ६० टक्क्यांपर्यंत. तोडणीच्या दिवसांत हातात रोकड नसली, की सभासद दलालाला मिळेल त्या भावात माल देऊन मोकळा होतो.

उणीव गंभीर आहे. ही कॉफी छोट्या शेतकऱ्यांच्या संस्थांकडूनच येते, त्यामुळे भावाची हमी संस्थेपाशी थांबते. हंगामापुरत्या आलेल्या तोडणी मजुराच्या हातात त्यातले किती पडते, हे शिक्क्यावरून कळत नाही. शिवाय पुरेसे खरेदीदार नसतील, तर प्रमाणित पिकाचाही काही भाग साध्या भावाने विकावा लागतो.

घेताना सहकारी संस्थेचे नाव छापलेले पाकीट निवडा आणि मजुरीचा दर विक्रेत्याला जरूर विचारा.