कापडी सोफा, रेक्झिन की सुट्या गाद्या? कोकणातल्या घरात गाणं ऐकायचं असेल तर

गिलावा केलेल्या चिऱ्याच्या भिंती, वर स्लॅब, खाली टाइल्स. रत्नागिरी-कुडाळकडच्या नव्या घरांतला हॉल बहुधा असाच असतो आणि त्यात आवाज घुमतो. कौलारू घरात, वर माळा नसेल तर, हा त्रास बराच कमी. स्लॅबच्या घरात मात्र महागडा स्पीकर घेण्याआधी बसायचं सामान नीट निवडा.

कापडी सोफ्याची परीक्षा सोपी आहे: कापडाला तोंड लावून फुंकर मारा. हवा आत गेली तर आवाजही फोमपर्यंत पोचेल. चार-पाच इंच जाड फोम गायकाच्या आवाजाच्या पट्टीत चांगलं काम करतो. खर्जाला मात्र कुठलाच सोफा फारसा पुरत नाही. १०० हर्ट्झची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, तिच्यापुढे काही इंचांचा फोम फारच पातळ. रेक्झिनमधून हवा जात नाही, म्हणून टाळ-झांजा आणि ‘स’-‘श’ परत फिरून कानाला टोचतात. पाठ उंच असली तर अगदी कानामागूनच.

आवाजापुरतं पाहिलं तर कापडी सोफा सरळ जिंकतो. पण जून ते सप्टेंबर शिवून बंद केलेला फोम वाळवणार कसा? ओल धरते, बुरशी येते, वास जात नाही. रेक्झिन पुसून घेता येतं, हा त्याचा खरा गुण.

म्हणून आमची पसंती तिसऱ्या पर्यायाला: सागवानी किंवा बांबूची मोकळी चौकट, खांद्याखाली संपणारी पाठ आणि चेनच्या सुती खोळीतल्या सुट्या गाद्या, किमान ४ इंच जाड. ऊन पडलं की गाद्या बाहेर काढता येतात. आवाजाचं शोषण थोडं कमी पडतं, ते स्पीकरसमोर जाड जाजम टाकून भरून निघतं. गादी-तक्क्यांची बैठकही उत्तम, फक्त कान जमिनीपासून ७५ सेंमीच्या आसपास येतात (खुर्चीवर साधारण १००), तेव्हा स्टँड तेवढा उतरवा किंवा स्पीकर किंचित खाली झुकवा. झोपाळ्यावर बसून दोन्ही स्पीकरचा आवाज सारखा येईल अशी स्टिरिओची नीट जागा सापडत नाही.

काचेचं टीपॉय कुठल्याही पर्यायासोबत नको. स्पीकर आणि कान दोन्ही ९५ सेंमी उंचीवर, मध्ये अडीच मीटर अंतर आणि टीपॉय ४५ सेंमी उंच धरा. काचेवरून येणारा आवाज सुमारे १९ सेंमी जास्त चालून येतो आणि ९०० हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला खातो. गाणारा गळा पोकळ वाटतो तो यामुळे. टीपॉय बाजूला सरकवा, पैसे पडत नाहीत.

बसायची जागा मागच्या भिंतीला चिकटवू नका, तिथे खर्ज फुगतो. दोन-तीन फूट पुढे आणा. पावसाळ्यात भिंतीची ओलही लागत नाही. शोकेसच्या काचा थरथरत असतील तर खाचेत फेल्टची पट्टी बसवा.