जीएचआरपी पेप्टाइड की क्रिएटिन?

जिममध्ये कुणीतरी पांढऱ्या भुकटीची इवलीशी कुपी दाखवतं आणि गोंधळ सुरू होतो: क्रिएटिन पुरे, की जीएचआरपी-६ हे पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) टोचून घ्यायचं?

परिणाम पाहा. जीएचआरपी-६ भुकेच्या हॉर्मोनची, म्हणजे घ्रेलिनची, नक्कल करून मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीला ग्रोथ हॉर्मोन सोडायला लावतं. त्यामुळे कडकडून भूक लागते. कटिंगवाल्याचं, म्हणजे चरबी घटवणाऱ्याचं, डाएट तिथंच बोंबलतं. ग्रोथ हॉर्मोनने वाढलेल्या वजनात पाण्याचा वाटा मोठा, ताकद वाढल्याचा पुरावा तोकडा. क्रिएटिन स्नायूंतला फॉस्फोक्रिएटिनचा, म्हणजे झटपट ऊर्जेचा, साठा वाढवतं, म्हणून सेटच्या शेवटी एखाद-दुसरा रेप जास्त निघतो. पाणी यातही धरतं, पण ताकद खरी.

खटाटोप: क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज ३ ते ५ ग्रॅम, कधीही, पाण्यातून. लोडिंग (सुरुवातीचे काही दिवस जास्त डोस) नाही केलं तरी तीन-चार आठवड्यांत साठा भरतो. कोमट पाण्यात लवकर विरघळतं, नाहीतर तळाशी रेती बसते. रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम तपासायला मोजतात तो घटक) थोडं वाढलेलं दिसू शकतं. डॉक्टरांना आधीच सांगा.

जीएचआरपी-६ च्या कुपीवर मात्र ‘फक्त संशोधनासाठी’ छापलेलं असतं. आत काय, किती, निर्जंतुक आहे का, हे डोळ्यांना कळत नाही. त्याने रक्तातली साखर वाढू शकते. घरात मधुमेह असेल तर जास्तच जपायला हवं. वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीत हे कायम बंदी असलेलं. क्रिएटिनवर बंदी नाही.

स्पर्धक असो वा हौशी, क्रिएटिन घ्या. ग्रोथ हॉर्मोनची खरीच कमतरता वाटत असेल, तर एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे (हॉर्मोनच्या डॉक्टरकडे) जा, जिमच्या लॉकरकडे नको.