मतदानाचं वय १६ की १८? ठरवण्याआधी दोन्ही पर्याय शेजारी ठेवून

या विषयावरच्या चर्चेत पहिला अर्धा तास ‘एवढ्या वयात मुलांना कळतं तरी किती?’ यातच जातो. त्या प्रश्नाकडे येऊच, पण आधी एक साधं गणित. कायद्यात १८ लिहिलं म्हणून कोणी अठराव्या वाढदिवशी मत देत नाही. त्यानंतर जी पहिली निवडणूक येईल, तिची वाट पाहावी लागते. निवडणूक दर पाच वर्षांनी असेल आणि एखादी मुलगी मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी अठरा पूर्ण करत असेल, तर तिचं पहिलं मत तेविशीच्या उंबरठ्यावर पडतं. सरासरी निघते साडेवीस. वय १६ केलं की तीच सरासरी साडेअठरा होते आणि सर्वांत उशिरा मत देणाराही एकविशीच्या आत असतो. तुलना करायची ती या दोन आकड्यांची.

या दोन वर्षांत आयुष्य बरंच हलतं. सोळा-सतराव्या वर्षी बहुतेक मुलं घरी राहतात, रोज शाळा-कॉलेजात एका ठिकाणी सापडतात आणि घरातली मोठी माणसं मतदानाला निघाली की त्यांच्याबरोबर निघू शकतात. विशीत तीच मुलं वसतिगृहात किंवा पहिल्या नोकरीच्या गावी असतात. नाव असलंच तर जुन्या पत्त्यावर. पहिली निवडणूक हुकली की पुढचीही हुकण्याची शक्यता वाढते. मतदान हे बरंचसं सवयीचं काम आहे.

ऑस्ट्रियाने २००७ मध्ये सर्व निवडणुकांसाठी वय १६ केलं आणि २००८ च्या संसदीय निवडणुकीत ते पहिल्यांदा लागू झालं. तिथल्या अभ्यासांत १६-१७ वर्षांच्या मुलांचं मतदान त्यांच्याहून थोड्या मोठ्यांपेक्षा, म्हणजे १८ ते २० वयोगटापेक्षा, जास्त आढळलं. आपल्या विचारांना जवळचा पक्ष निवडण्यातही ही मुलं मोठ्यांच्या मागे नव्हती. स्कॉटलंडमध्ये सप्टेंबर २०१४ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात १६ वर्षांच्यांना मत मिळालं, आणि पुढे स्थानिक व स्कॉटिश संसदेच्या निवडणुकांतही. सोळाव्या वर्षी सुरुवात केलेली तिथली मुलं विशीतही इतरांपेक्षा जास्त मतदान करताना दिसली.

वेल्सचा अनुभव मात्र वेगळा. तिथे २०२१ च्या निवडणुकीत १६-१७ वर्षांच्यांना पहिल्यांदा मत होतं, पण त्यांतल्या निम्म्यांचीही नोंदणी झाली नाही. ऑस्ट्रियात रहिवासी नोंदीवरून नाव आपोआप यादीत येतं; वेल्समध्ये मुलांनी स्वतः अर्ज करायचा होता, आणि महासाथीमुळे शाळा नेमक्या त्याच काळात विस्कळीत होत्या. अधिकार तोच, फरक पडला तो यादीमुळे.

आता समजुतीचा प्रश्न. मानसशास्त्रात दोन प्रकारचे निर्णय वेगळे धरतात. शांतपणे, वेळ घेऊन, माहिती तोलून निर्णय घेण्याची क्षमता साधारण सोळाव्या वर्षी प्रौढांच्या बरोबरीला येते. मित्रांच्या घोळक्यात किंवा भावनेच्या भरात स्वतःला आवरण्याची क्षमता विशीपर्यंत पक्की होत राहते. मतदान पहिल्या प्रकारात बसतं: तारीख आधीपासून माहीत असते, विचाराला आठवडे मिळतात, आणि पडद्याआड माणूस एकटा असतो. दारू किंवा वाहन परवान्याचं वय जास्त ठेवायला याच वर्गीकरणाचा आधार मिळतो, त्यामुळे ‘मत द्यायचं तर सगळंच द्या’ हा युक्तिवाद टिकत नाही. उमेदवारीचं वयही वेगळं ठेवता येतं. ऑस्ट्रियात ते १८ च आहे.

दोन्ही बाजूंचे काही मुद्दे ऐकायला जोरदार, पण पोकळ आहेत. ‘मुलं कमावतात, कर भरतात, मग मत का नाही?’ कर तर बिस्किटाचा पुडा घेणारं सहा वर्षांचं पोरही भरतं. मताचा हक्क कराला बांधला तर न कमावणाऱ्या प्रौढांचं काय? उलट बाजूने, ‘आईबाप सांगतील तिथे शिक्का मारतील’ हेही फारसं पटत नाही. स्कॉटलंडमधल्या पाहणीत बऱ्याच मुलांचा कल पालकांपेक्षा वेगळा निघाला, आणि घरच्यांच्या सांगण्यावरून मत देणारे प्रौढ काही कमी नसतात. एखाद्या पक्षाचा फायदा होईल या हिशेबाने पाठिंबा किंवा विरोध करणारे तर हमखास फसतात. जर्मनीत २०२४ च्या युरोपीय निवडणुकीत १६ वर्षांच्यांना पहिल्यांदा मत मिळालं आणि तरुणांमध्ये ग्रीन पक्षाची मतं २०१९ च्या तुलनेत कोसळली, तर उजव्या एएफडीची वाढली. तसंही १८ ते ८० पर्यंतच्या साठेक वयोगटांत आणखी दोन मिळवले की मतदार वाढतात जेमतेम तीन टक्के. लोकसंख्या तरुण असेल तर थोडे जास्त.

मधले पर्यायही आहेत. सर्वांत स्वस्त म्हणजे वय १८ ठेवून नोंदणी आधी करणं. भारतात घटनेच्या ६१ व्या दुरुस्तीने १९८९ पासून वय २१ वरून १८ झालं, पण पात्रतेची तारीख वर्षातून एकच होती, १ जानेवारी. २ जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्याला जवळजवळ वर्षभर थांबावं लागे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या आणि १७ पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येऊ लागला. कायद्यातलं वय न बदलता नवमतदाराचे कित्येक महिने वाचले.

दुसरा पर्याय १६-१७ ला मत ऐच्छिक ठेवण्याचा. ब्राझील (१९८८ पासून) आणि अर्जेंटिना (२०१२ पासून) इथे प्रौढांना मतदान सक्तीचं, या वयाला मर्जीचं. ब्राझीलमध्ये मतदानाच्या १५० दिवस आधी यादी बंद होते, त्यामुळे निवडणुकीचं वारं सुटेपर्यंत गाफील राहिलेली मुलं बाहेरच राहतात. बेल्जियमनेही २०२४ च्या युरोपीय निवडणुकीत हा वर्ग ऐच्छिक ठेवून पाहिला, पण न्यायालयाने भेदभाव मान्य केला नाही आणि १६-१७ ची मुलंही सक्तीत आली.

तिसरा पर्याय फक्त स्थानिक निवडणुकांसाठी वय कमी करण्याचा. कायदा करायला हा सोपा, कारण राष्ट्रीय वय बहुधा घटनेत असतं. अडचणी येतात त्या मतदान केंद्रावर. जून २०२४ मध्ये जर्मनीच्या सॅक्सनी राज्यात युरोपीय आणि स्थानिक निवडणूक एकाच दिवशी होती. सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात युरोपीय मतपत्रिका पडत होती, स्थानिक नाही; तिथे १८ ची अट कायम होती. अशा दिवशी टेबलावरच्या कर्मचाऱ्याला प्रत्येक नावापुढची खूण पाहून मतपत्रिका मोजून द्यावी लागते, आणि चूक झाली की मोजणीत मतं जुळत नाहीत. मुलांच्या बाजूने पाहिलं तर स्कॉटलंडमध्ये सप्टेंबर २०१४ ला देशाचं भवितव्य ठरवणारी सोळा वर्षांची मुलगी मे २०१५ च्या ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत मात्र अपात्र होती. ब्रिटन सरकारने तिथेही वय १६ करण्याचा इरादा जाहीर केला तो थेट जुलै २०२५ मध्ये.

यादीचं एक काम नेहमी विसरलं जातं. सोळाव्या वर्षी मत द्यायचं तर नाव त्याआधीच यादीत हवं. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये १४ व्या वर्षापासून नोंदणी होते. पण मतदार यादी पक्षांना मिळते, लोकांना पाहता येते. चौदा वर्षांच्या मुलाचं नाव, पत्ता आणि जन्मतारीख तशी उघड ठेवणं धोक्याचं, म्हणून तिथे सोळाखालच्यांची माहिती प्रसिद्ध यादीतून वगळतात. कायद्याच्या मसुद्यात हे कलम नसेल, तर तो मसुदा परत पाठवावा.

लोकांचा कौल घ्यायचा विचार असेल तर लक्झेंबर्ग आठवावं: २०१५ च्या सार्वमतात सुमारे ८० टक्क्यांनी १६ ला नकार दिला. ज्यांना हक्क आधीच आहे तेच इतरांना तो द्यायचा का हे ठरवतात, तेव्हा असं होणं साहजिक आहे.

आमचा कल असा: नाव आपोआप यादीत येत असेल, किंवा नोंदणी वर्गातच उरकायची तयारी असेल, तर १६ करावं आणि सर्व निवडणुकांसाठी एकदमच करावं. तशी तयारी नसेल तर १८ ठेवून आधी पात्रतेच्या तारखा वाढवाव्यात आणि आगाऊ नोंदणी सुरू करावी. फक्त स्थानिक निवडणुकांसाठी वय कमी करायचं असेल, तर त्या निवडणुका राष्ट्रीय निवडणुकीच्या दिवशी येत नाहीत ना, हे वेळापत्रकात आधी तपासून घ्यावं.