अवेअर अँटिबायोटिक बुक : फार्मसीच्या विद्यार्थ्याला कितपत उपयोगी?

बी. फार्म.च्या तिसऱ्या सत्रात सूक्ष्मजीवशास्त्र येते आणि प्रतिजैविके येतात ती थेट सहाव्या सत्रात, तीही औषधशास्त्र आणि औषधी रसायनशास्त्र अशा दोन विषयांत विभागून. मधल्या काळात ग्रॅम रंजनाच्या (जिवाणू ओळखण्यासाठी त्यांना रंगवण्याच्या) पायऱ्या विसरल्या जातात आणि जिवाणूंची नावे परीक्षेपुरती उरतात. त्यामुळे सेफॅलोस्पोरिनच्या पिढ्या घडाघडा म्हणून दाखवणारा विद्यार्थी, लघवीला जळजळ होत असलेल्या पण एरवी निरोगी असलेल्या तरुण स्त्रीला पहिल्यांदा कोणते औषध द्यावे आणि ते किती दिवस द्यावे, या साध्या प्रश्नावर अडखळतो. फार्म. डी.च्या विद्यार्थ्याला वॉर्डातल्या राउंडमध्ये हाच प्रश्न उभ्या-उभ्या विचारला जातो, तेव्हा ही फट अधिकच जाणवते. जागतिक आरोग्य संघटनेचे 'अवेअर अँटिबायोटिक बुक' ही फट बऱ्याच अंशी बुजवते. किती अंशी आणि कुठे अपुरे पडते, हे सांगण्यासाठी हा परिचय.

डिसेंबर 2022 मध्ये प्रसिद्ध झालेला हा सुमारे सातशे पानांचा ग्रंथ संघटनेच्या संकेतस्थळावरून पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतो. तिशीहून अधिक संसर्गांचा त्यात समावेश आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात दिसणारे आणि रुग्णालयात दाखल करावे लागणारे अशी त्यांची विभागणी असून मुले व प्रौढ यांचे उपचार वेगवेगळे दिले आहेत. पुस्तकाचा कणा म्हणजे संघटनेने 2017 मध्ये सुरू केलेले ॲक्सेस, वॉच आणि रिझर्व्ह या तीन गटांचे 'अवेअर' वर्गीकरण. ॲक्सेस गटातली औषधे नेहमीच्या संसर्गांत प्रथम वापरायची, वॉच गटातली जपून वापरायची, कारण त्यांच्याविरुद्ध प्रतिरोध निर्माण होण्याचा धोका अधिक असतो, आणि रिझर्व्ह गटातली अनेक औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंसाठी राखून ठेवायची. सिग्नलसारखे हिरवा, पिवळा आणि लाल हे रंग प्रत्येक पानावर औषधाच्या नावाशेजारी येत राहतात, आणि चार-पाच प्रकरणे वाचून झाली की अमॉक्सिसिलिन हिरवे आणि सेफ्ट्रायॅक्सोन पिवळे हे पाठ न करताच लक्षात राहते.

माझ्या मते पुस्तकाचे सर्वांत मोठे बळ हे आहे की ते औषधापासून सुरुवात करत नाही. आपल्या क्रमिक पुस्तकांत प्रकरणाचे नाव 'मॅक्रोलाइड्स' असते आणि उपयोगांची यादी शेवटी येते. इथे प्रकरणाचे नाव 'घसादुखी' असते, मग कारणीभूत सूक्ष्मजीव, मग निदान, मग प्रतिजैविक लागते की नाही हा निर्णय, आणि त्यानंतरच औषध. घशाच्या पानाचेच उदाहरण घ्या. बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते, हे पहिल्यांदा सांगून पुस्तक सेंटर गुणांकाकडे, म्हणजे लक्षणांवरून जिवाणूंची शक्यता मोजण्याच्या पद्धतीकडे वळते. अडतीस अंशांवर ताप, खोकला नसणे, मानेच्या पुढच्या बाजूच्या गाठी दुखऱ्या असणे आणि टॉन्सिलवर पांढरट स्राव दिसणे, या प्रत्येक लक्षणाला एक गुण. दोनपर्यंत गुण असतील तर प्रतिजैविकाची गरज नाही, ताप आणि वेदना कमी करणारे औषध पुरे. तीन किंवा चार गुण असतील तर गट अ स्ट्रेप्टोकॉकसची शक्यता वाढते आणि अमॉक्सिसिलिन किंवा फेनॉक्सिमिथाइल पेनिसिलिनचा विचार करायचा. पुढे कालावधीचा मुद्दा येतो. संधिवाताचा ताप जिथे फारसा आढळत नाही तिथे पाच दिवस पुरतात, पण जिथे तो अजूनही मुलांच्या हृदयाच्या झडपा खराब करतो तिथे दहा दिवस द्यायचे. औषध तेच, जिवाणू तोच, तरीही प्रदेशानुसार दिवस बदलतात आणि ते का बदलतात, हे एका पानात समजावून सांगणारे दुसरे साहित्य निदान माझ्या पाहण्यात नाही.

मूत्रमार्गाच्या खालच्या भागातील संसर्गाचे प्रकरण औषधनिर्माणाच्या विद्यार्थ्याने दोनदा वाचावे. लक्षणे ठळक असतील आणि गुंतागुंत नसेल तर लघवीची कल्चर तपासणी (नमुन्यातले जिवाणू वाढवून पाहणे) दर वेळी आवश्यक नसते. लक्षणे नसताना लघवीत नुसते जिवाणू सापडले, तर गर्भवती स्त्रिया किंवा मूत्रमार्गावरील काही शस्त्रक्रियांपूर्वीचे रुग्ण वगळता उपचार करायचे नसतात. ही दोन वाक्ये वाचली तरी वॉर्डातल्या कितीतरी औषधपत्रांकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. पहिल्या पसंतीच्या औषधांत नायट्रोफ्युरँटॉइन आहे, पाच दिवसांसाठी. ते मूत्रात पुरेसे साचते, रक्तात आणि ऊतींत मात्र नाही, म्हणून तेच औषध मूत्रपिंडाच्या संसर्गात चालत नाही आणि मूत्रपिंडाचे कार्य बरेच खालावलेले असेल तर टाळायचे असते. औषधाचा शरीरातला प्रवास आणि जिवाणूचे शरीरातले ठिकाण यांचा हा मेळ सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्र वेगवेगळे शिकून कधीच जमत नाही.

जुलाब आणि विषमज्वर ही प्रकरणे आपल्याकडे अधिक जवळची. पाण्यासारख्या जुलाबात सहसा प्रतिजैविक नाही, जलसंजीवनी हाच मुख्य उपचार, आणि रक्तमिश्रित जुलाबात पहिली पसंती सिप्रोफ्लॉक्सॅसिनला. विषमज्वरासाठी पुस्तक दोन वाटा दाखवते. फ्लोरोक्विनोलोनला प्रतिरोध कमी असलेल्या भागात सिप्रोफ्लॉक्सॅसिन, आणि प्रतिरोध जास्त असलेल्या भागात सौम्य आजारात अझिथ्रोमायसिन व गंभीर आजारात सेफ्ट्रायॅक्सोन. भारत या दुसऱ्या वाटेवरचा देश आहे. पुस्तक जगभरासाठी लिहिलेले असल्याने ते हे नाव घेऊन सांगत नाही, वाचणाऱ्याला ते आधी माहीत असावे लागते.

इथूनच पुस्तकाच्या मर्यादा सुरू होतात. आपल्या देशात औषधविक्रेत्यासमोर दुसरी एक यादी असते, ती म्हणजे अनुसूची एच-1. ऑगस्ट 2013 च्या अधिसूचनेने ती आली आणि मार्च 2014 पासून लागू झाली. त्यातल्या औषधांची विक्री करताना डॉक्टर व रुग्णाचे नाव, औषध आणि प्रमाण यांची वेगळी नोंद ठेवून ती तीन वर्षे सांभाळावी लागते. सेफिक्झीम, सेफ्ट्रायॅक्सोन, लेव्होफ्लॉक्सॅसिन, मेरोपेनेम ही नावे तिथे आहेत आणि अवेअरमध्ये ती वॉच गटात येतात, इथपर्यंत दोन्ही याद्या जुळतात. मात्र अझिथ्रोमायसिन वॉच गटात असूनही एच-1च्या त्या मूळ यादीत नव्हते, आणि ते काउंटरवर किती सहज मागितले जाते हे दुकानात प्रशिक्षण घेतलेल्या कुणालाही सांगायला नको. फारोपेनेम दोन्हीकडे आहे, पण अवेअरमध्ये ते थेट रिझर्व्ह गटात आहे. तोंडावाटे घेता येणारे हे औषध आपल्याकडे गोळ्यांच्या पट्ट्यांतून विकले जाते, ही गोष्ट रिझर्व्ह शब्दाशी कशी जुळवायची, याचे उत्तर पुस्तकात मिळत नाही. ओफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडाझोल किंवा सेफिक्झीम-ओफ्लॉक्सॅसिन यांसारख्या ठरावीक मिश्रणांना संघटना शिफारस न केलेल्या वेगळ्या यादीत ठेवते, आणि आपल्या औषधपत्रांवर तीच मिश्रणे वारंवार दिसतात. विद्यार्थ्याने या दोन याद्या शेजारी ठेवून स्वतः एक तक्ता करावा. परीक्षेला तो विचारला जाणार नाही, काउंटरवर मात्र रोज लागेल.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या बाजूने पुस्तक सर्वांत दुबळे आहे, आणि हा माझा मुख्य आक्षेप. कोणते जिवाणू संभवतात आणि कोणत्या तपासण्या करायच्या हे प्रत्येक प्रकरणात आहे, पण कल्चरचा अहवाल हाती आल्यावर तो वाचायचा कसा, हे जवळजवळ कुठेच नाही. अहवालात एस (संवेदनशील), आय (मधले) आणि आर (प्रतिरोधी) ही अक्षरे असतात आणि शेजारी कधी औषधाच्या चकतीभोवती (डिस्कभोवती) जिवाणू न वाढलेल्या वर्तुळाचा मिलिमीटरमधला व्यास, कधी एमआयसीचा, म्हणजे जिवाणूंची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या किमान तीव्रतेचा आकडा. विद्यार्थी हमखास एक चूक करतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिनभोवतीचे वर्तुळ जेंटामायसिनच्या वर्तुळापेक्षा मोठे दिसले की सिप्रोफ्लॉक्सॅसिन अधिक प्रभावी असे तो ठरवून टाकतो. वस्तुतः व्यास हा औषधाचा रेणू आगरमध्ये (जिवाणू वाढवण्याच्या जेलीत) किती दूर पसरतो यावरही अवलंबून असतो, आणि एस की आर हे ठरवणारी प्रत्येक औषधाची सीमारेषा वेगळी असते, म्हणून दोन औषधांचे व्यास एकमेकांशी तोलायचे नसतात. स्टॅफिलोकॉकसविरुद्ध व्हॅन्कोमायसिनची चाचणी डिस्कवर भरवशाची ठरत नाही, एमआयसीच काढावी लागते. मेथिसिलिन-प्रतिरोध शोधायला सेफॉक्सिटिनची डिस्क का ठेवतात, एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिनच्या डिस्क शेजारी ठेवल्यावर क्लिंडामायसिनचे वर्तुळ डी अक्षरासारखे चपटे का होते, हे सारे प्रयोगशाळेत उभे राहूनच शिकावे लागते. अहवालात एस लिहिलेले असूनही डॅप्टोमायसिन न्यूमोनियात चालत नाही, कारण फुप्फुसातील सर्फॅक्टंट त्याला निष्प्रभ करते. अशा ठिकाणी प्रयोगशाळेचे उत्तर आणि उपचाराचे उत्तर वेगळे होते, आणि फार्मासिस्टची खरी गरज तिथेच असते.

कोलिस्टिनच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसते. रिझर्व्ह औषधांच्या विभागात सेफ्टाझिडीम-ॲव्हिबॅक्टम, लिनेझोलिड, शिरेतून देण्याचे फॉस्फोमायसिन यांच्याबरोबर कोलिस्टिन आणि पॉलिमिक्सिन बी यांनाही स्वतंत्र जागा दिली आहे, आणि हा विभाग शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने नक्की वाचावा. कोलिस्टिनच्या कुपीवर मात्रा आंतरराष्ट्रीय युनिटमध्ये असते, काही ग्रंथांत ती कोलिस्टिन बेसच्या मिलिग्रॅममध्ये, तर काही ठिकाणी कोलिस्टिमेथेट सोडियमच्या मिलिग्रॅममध्ये. दहा लाख युनिट म्हणजे सुमारे 80 मिलिग्रॅम कोलिस्टिमेथेट सोडियम आणि सुमारे 33 मिलिग्रॅम बेस. हे तीन आकडे एकमेकांत मिसळले तर मात्रा दुपटीहून अधिक चुकते. पुस्तक मात्रेबाबत काटेकोर आहे. मात्र याच औषधाची संवेदनशीलता डिस्कने तपासता येत नाही, त्यासाठी ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रव माध्यमात औषधाच्या वेगवेगळ्या तीव्रता करून तपासणे) लागते, आणि अमेरिकेतील मानके ठरवणाऱ्या सीएलएसआयने 2020 पासून कोलिस्टिनसाठी 'संवेदनशील' हा वर्गच काढून टाकला आहे, ही प्रयोगशाळेची बाजू विद्यार्थ्याला दुसरीकडून मिळवावी लागते.

दुसरी मर्यादा स्थानिक प्रतिरोधाची. अनुभवाधारित उपचाराची (अहवाल येण्याआधीच सुरू करायच्या) जागतिक शिफारस तुमच्या रुग्णालयातल्या जिवाणूंना माहीत नसते. आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, प्रतिजैविक-प्रतिरोध निरीक्षणाचे जाळे 2013 पासून काम करते आणि त्याचे वार्षिक अहवाल विनामूल्य उपलब्ध आहेत. मूत्रसंसर्गात नेहमी आढळणारा ई. कोलाय हा जिवाणू सिप्रोफ्लॉक्सॅसिनला बहुतांशी दाद देत नाही, हे त्यातून सरळ दिसते. मात्र ते आकडे प्रामुख्याने मोठ्या तृतीयक रुग्णालयांतले असल्याने तालुक्याच्या दवाखान्यातल्या साध्या मूत्रसंसर्गाला ते जसेच्या तसे लावू नयेत. आयसीएमआरची 2019 ची उपचार-मार्गदर्शिका आणि आपल्या रुग्णालयाचा अँटिबायोग्राम (तिथले जिवाणू कोणत्या औषधाला किती दाद देतात याचा तक्ता) हे दोन्ही अवेअरच्या शेजारी उघडे असले, तरच पुस्तकाचा पूर्ण लाभ मिळतो.

हे पुस्तक फक्त जिवाणूंविरुद्धच्या औषधांचे आहे. बुरशीविरोधी औषधे त्यात नाहीत. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये शोधलेल्या हमायसिनची आठवण काढणाऱ्या पिढीला हे थोडे खटकेल, पण त्याला इलाज नाही. औषधांच्या क्रियापद्धती, रचना-क्रिया संबंध आणि प्रतिरोधाच्या जनुकीय यंत्रणा यांवरही ते जवळजवळ मौन बाळगते. जीपॅटची (एम. फार्म. प्रवेशपरीक्षेची) तयारी करणाऱ्याने यावर विसंबून राहू नये, तिथे बीटा-लॅक्टम वलयाची रचना विचारतात आणि घशाचे गुण विचारत नाहीत.

वापराबद्दल थोडे व्यावहारिक. संपूर्ण पीडीएफ मोबाइलवर उघडली की जड जाते आणि शोधताना एकच शब्द शेकडो ठिकाणी सापडतो. त्याऐवजी प्रत्येक संसर्गाची दोन-दोन पानांची चित्रमय सारांशपत्रके स्वतंत्रपणे उतरवून घ्यावीत, निदान प्राथमिक आरोग्य विभागातली तरी छापून फाइलला लावावीत. वॉर्डात पटकन पाहायला 'फर्स्टलाइन' हे ॲप सोयीचे पडते. मुलांच्या मात्रा वजनाच्या गटांनुसार दिल्या असल्याने सिरपची मात्रा काढताना हिशेबाची चूक टळते, फक्त आपल्याकडच्या बाटलीवरची तीव्रता पुस्तकातल्या तीव्रतेशी पडताळून घ्यावी. फेनॉक्सिमिथाइल पेनिसिलिनसारखी काही पहिल्या पसंतीची औषधे आपल्या दुकानांत क्वचितच दिसतात, तिथे त्याच ओळीतला पुढचा पर्याय पाहावा. वर्गीकरणाची यादी 2023 मध्ये पुन्हा सुधारली गेली, त्यामुळे एखाद्या औषधाचा गट सांगताना पुस्तकातल्या रंगावर न थांबता ती यादी संघटनेच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावी.