३९० ड्यूक : मुंबईतले पहिले हजार किलोमीटर

मुंबईत वेगवान गाडी घेणाऱ्याने एक यादी आधीच पाठ करावी: सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, जेजे उड्डाणपूल, पुणे एक्स्प्रेसवे. या सगळ्यांवर दुचाकीला मनाई आहे. म्हणजे शहराने भरधाव जाण्यासाठी जे जे बांधलं ते वगळून उरलेल्या रस्त्यांवर केटीएमची ३९० ड्यूक कशी चालते आणि नवी असताना काय काय मागते, हे इथे पाहायचं आहे.

ही तिसऱ्या पिढीची ड्यूक सप्टेंबर २०२३ मध्ये ३.११ लाख एक्स-शोरूम किमतीला आली. नावात ३९० असलं तरी इंजिन ३९९ सीसीचं आहे. एकच सिलिंडर, ४६ पीएस शक्ती, ३९ एनएम टॉर्क (फिरवण्याचा जोर), १५ लिटरची टाकी, वजन १६८ किलोच्या आसपास. बनते आपल्या चाकणलाच. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरच्या गाड्यांचा जीएसटी ४० टक्के झाला आहे, तेव्हा मित्राने सांगितलेल्या जुन्या किमतीवर न जाता ताजं कोटेशन घ्यावं.

सायनपासून घाटकोपरपर्यंतच्या रांगत्या ट्रॅफिकमध्ये गाडीचा स्वभाव लगेच कळतो. ३००० आरपीएमच्या खाली इंजिन कुरकुरतं, चेन खडखडते, थ्रॉटल किंचित हलला तरी हिसका बसतो. ताशी ३० ला तिसरा गिअर रेटण्याचा हट्ट करू नये, दुसराच ठेवावा. ४५०० च्या पुढे हेच इंजिन एकदम मोकळं होतं आणि पिकअप असा येतो की पुढची रिक्षा अंदाजापेक्षा लवकर जवळ येते. पुढची डिस्क ३२० मिलिमीटरची आहे, थांबवायला भरपूर पुरते. मात्र नवे पॅड डिस्कवर बसलेले नसतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत दहा-बारा वेळा, मध्ये थंड व्हायला वेळ देत ब्रेक लावले की पकड बदललेली जाणवते. नव्या टायरवरही साच्यातला गुळगुळीत थर असतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर, विशेषतः ओल्या पेव्हर ब्लॉकवर, गाडी झुकवू नये.

क्विकशिफ्टर, म्हणजे क्लच न दाबता गिअर बदलू देणारी सोय, चांगला आहे, पण तो ओढत असलेल्या इंजिनासाठी आहे. कमी आरपीएमला अर्धवट थ्रॉटलवर गिअर चढवला तर धक्का बसणारच, तिथे सरळ क्लच वापरावा. गिअर मध्येच अडकून खोटा न्यूट्रल लागत असेल तर तक्रार करण्याआधी गिअरच्या पॅडलची उंची आपल्या बुटाला जुळते का ते पाहावं. पाय ठाम दाबला गेला नाही की हेच होतं. थांबल्या जागेवरून झपाट्याने निघण्यासाठीच्या लाँच कंट्रोल वगैरेचा मुंबईत उपयोग शून्य. सुपरमोटो मोडमध्ये मागचं एबीएस बंद होतं, त्यामुळे पावसाळ्यात त्या मेनूकडे फिरकूच नये.

सस्पेन्शनवर मात्र वेळ खर्च करावा, कारण ॲडजस्टमेंटचे पैसे आपण दिलेले आहेत आणि बहुतेक जण त्याला हात लावत नाहीत. फॉर्कच्या, म्हणजे पुढच्या चाकाच्या दोन दांड्यांच्या, डोक्यावर कम्प्रेशन (दबण्याचा वेग) आणि रिबाउंडचे (परत उसळण्याचा वेग) नॉब आहेत, प्रत्येकी ५ क्लिक. आधी हलक्या हाताने पूर्ण बंद करायचं आणि मग मोजत उघडायचं, म्हणजे परत त्याच जागी येता येतं. काँक्रीटचे सांधे आणि उड्डाणपुलांचे जॉइंट मनगटात ठणकत असतील तर कम्प्रेशन एक-दोन क्लिक सैल करावं. खड्ड्यानंतर पुढचं चाक उसळून येत असेल तर रिबाउंड एक क्लिक आवळावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. मागे स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे आधीपासून दिलेला ताण, टूलकिटमधल्या पान्याने बदलतो. दोन्हीकडे ट्रॅव्हल, म्हणजे चाक वर-खाली होण्याची जागा, १५० मिलिमीटर आहे. आपण बसल्यावर मागची बाजू साधारण ४० ते ५० मिलिमीटर दबली की बरोबर. मागे माणूस बसणार असेल तर प्रीलोड वाढवावा. तसं मागे बसणाऱ्याचे हाल आहेतच, ती सीट दादरहून ठाण्यापर्यंत ठीक, पुढे नाही.

रनिंग-इनसाठी, म्हणजे नवं इंजिन रुळवायला, जुना पुणे हायवे सर्वांत उत्तम. पनवेल, खोपोली आणि तिथून शिंग्रोबाच्या घाटाने वर लोणावळ्याला. चढ-उतार आणि वळणांमुळे आरपीएम आपोआप बदलत राहतो आणि पिस्टनच्या रिंगा नीट बसायला हेच हवं असतं. अहमदाबाद हायवेला मनोरच्या पुढे एकाच वेगाने तासभर धरून ठेवणं चुकीचं, आणि ट्रॅफिकमध्ये तापत उभं राहणंही तितकंच वाईट. आरपीएमची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते, ती पाळावी. इंजिन गरम होईपर्यंत ४००० च्या पुढे नेऊ नये.

आता कुरबुरी. पहिली आणि सर्वांत मोठी चेनची. नवी चेन सुरुवातीला बसते आणि सैल होते, त्यामुळे पहिल्या ३०० ते ५०० किलोमीटरला झोळ तपासायलाच हवा. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजावा, कारण चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. जिथे सर्वांत घट्ट लागते तिथलं माप धरायचं. मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर दिलेल्या मापापेक्षा घट्ट कधीच ठेवू नये. खड्ड्यात सस्पेन्शन दबलं की चेन आणखी ताणली जाते आणि सगळा जोर पुढच्या स्प्रॉकेटच्या बेअरिंगवर येतो. बरेच फिटर आवाज बंद व्हावा म्हणून चेन आवळून देतात, ते मागाहून महागात पडतं. ॲक्सल सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवावेत आणि नंतर ॲक्सलचा नट ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या टॉर्क पान्यानेच आवळावा.

साफसफाई दर ५०० किलोमीटरला, पावसाळ्यात दर २०० ते ३०० ला. रॉकेल किंवा चेन क्लीनर चालतं, पेट्रोल नाही. कड्यांमधल्या रबरी रिंगा पेट्रोलने फुगतात आणि आतलं ग्रीस निघून जातं. तारेचा ब्रशही नको, नायलॉनचा घ्यावा. लूब फेरी मारून आल्यावर, चेन कोमट असताना, खालच्या पट्टीच्या आतल्या बाजूने मारावं आणि रात्रभर राहू द्यावं. मागे पुठ्ठा धरावा. टायरच्या कडेवर बसलेलं लूब पहिल्याच वळणावर हिशेब मागतं.

दुसरी कुरबुर उष्णतेची. मे महिन्यात सिग्नलला उभं राहिलं की पंखा सुरू होतो आणि गरम हवा मांडीवर येते. हा बिघाड नाही, पण रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि किडे साठले तर पंखा थांबतच नाही. साध्या पाइपच्या हलक्या धारेने जाळी धुवावी. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून मारला की पातळ पत्रे आडवे होतात. कूलंटची पातळी इंजिन थंड असतानाच बघावी, आणि नळाचं पाणी त्यात कधीही घालू नये. गरम झाल्यावर न्यूट्रल सापडत नसेल तर बहुतेक वेळा क्लच केबलचा दोष असतो. नवी केबल ताणली जाते, लिव्हरचा मोकळा खेळ वाढतो, क्लच पूर्ण सुटत नाही. दोन-तीन मिलिमीटर खेळ ठेवला की न्यूट्रल सापडू लागतो.

तिसरी पाण्याची, आणि ती मुंबईची खास. गाडी गिअरमध्ये टाकताच बंद पडते, साइड स्टँड तर वर आहे: स्टँडच्या स्विचमध्ये चिखल गेलेला असतो. पाण्याने धुऊन कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की बहुतेक वेळा सुटतं. टाकीच्या झाकणाभोवती साचलेलं पाणी बाहेर जायला बारीक भोक असतं. ते धुळीने बुजलं तर पाणी तिथेच राहतं आणि झाकण उघडताच टाकीत उतरतं. पावसाळ्याआधी हवा मारून ते मोकळं करावं. समुद्राकाठच्या सोसायट्यांमध्ये बोल्ट, डिस्कच्या मधला भाग आणि चेनच्या कडा आठवडाभरात लाल होतात. फॉर्कच्या चकचकीत नळ्यांवर गंजाचे ठिपके पडले की ऑइल सील कापले जातात, म्हणून त्या नळ्या ओल्या फडक्याने पुसून कोरड्या ठेवाव्यात. ओल्या गाडीवर कव्हर घालण्यापेक्षा उघडी ठेवलेली बरी.

डॅशवरचं घड्याळ परत परत रिसेट होत असेल किंवा स्टार्टर दाबल्यावर नुसतं टकटक होत असेल तर आधी बॅटरीचे टर्मिनल आवळावेत. डिलिव्हरीच्या घाईत ते सैल राहतात. आरशांचे आणि नंबरप्लेटचे बोल्टही पहिल्या २०० किलोमीटरमध्ये एकदा तपासावेत. एका सिलिंडरची थरथर त्यांना सैल करते. धातूच्या आट्यांवर निळं थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा द्रव) चालतं, प्लास्टिकजवळ नको. क्रॅश गार्ड, मडफ्लॅप यासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आहेच, पण हॉर्न किंवा जास्तीचे दिवे लावायला वायर कापू देऊ नये, रिले (वेगळा विजेचा स्विच) आणि कपलर (वायर न कापता जोडणारे प्लग) मागावेत. वायरिंग कापलेलं दिसलं की वॉरंटीचा वाद सुरू होतो.

पहिली सर्व्हिस १००० किलोमीटरला. ती टाळू नये, कारण नव्या इंजिनातला धातूचा चुरा याच ऑइलबरोबर बाहेर येतो. ऑइल, ऑइल फिल्टर आणि ड्रेन बोल्टचं वायसर बदललं का ते विचारावं, जुना फिल्टर दाखवायला सांगावा. ऑइल १५डब्ल्यू-५० फुली सिंथेटिक, जासो एमए२ ही दुचाकीच्या ऑइलची छाप असलेलं. कारच्या ऑइलने इंजिन ऑइलमध्येच बुडालेला ओला क्लच घसरू शकतो. पातळी बघताना गाडी सरळ उभी हवी, इंजिन गरम, आणि बंद करून मिनिटभर थांबलेलं. साइड स्टँडवर इंजिनाच्या बाजूची ऑइलची काच पातळी कमी दाखवते, मग मेकॅनिक वरून आणखी ओततो आणि जास्तीचं ऑइल एअरबॉक्समध्ये जाऊन बसतं. गाडी ताब्यात घेताना काउंटरवर सही करण्याआधी ही काच स्वतः वाकून बघावी.